जाळीचं पिवळं कपाट आणि लेकीचे चार दात

मागे जो खडखडाट ऐकू येतोय तो स्टीलच्या वाटीचा आहे. वाटी आमच्या लेकीच्या हातात आहे आणि ती फरशीवर आपटायचा कार्यक्रम आज सकाळपासून चालू आहे. लेक दीड वर्षाची आहे. मी तिच्या झोपेच्या वेळेत रेकॉर्ड करायचं ठरवलं होतं, पण ती काही झोपली नाही, तर चालवून घ्या.

आजचा भाग एका कपाटाबद्दल आहे. म्हणजे माझ्या विचित्र आवडींबद्दल, त्या कपाटाबद्दल आणि एका ब्लड रिपोर्टबद्दल. गेल्या महिन्यात मी कपाटाचा विषय ओझरता काढला होता, तेव्हा बऱ्याच जणींनी मेसेज करून विचारलं की नक्की झालं काय. तर नीट सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असं एखादं कपाट, पाळणा किंवा खिडकीची चौकट असणार.

आधी आवडींचं सांगते. आम्ही पुण्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो. घर लहान आहे, पण खाली मोझॅकची फरशी आहे. राखाडी सिमेंटमध्ये पांढऱ्या, काळ्या आणि चॉकलेटी संगमरवराचे तुकडे. सगळे म्हणतात, व्हिट्रिफाइड टाका. मला ती फरशी बघितल्यावर चिवडा आठवतो, आणि म्हणूनच ती आवडते. भिंतीवर मी एक सूप टांगलंय. दिव्याला शेड म्हणून बांबूची रोवळी आहे. जुन्या बाजारातून आणलेले स्टीलचे डबे आहेत, ज्यांवर कुणाकुणाची नावं टिंबाटिंबांनी कोरलेली आहेत. कुणाच्या तरी लग्नात कुणीतरी दिलेले, आणि आता आमच्या घरी त्यात रवा. नवरा म्हणतो, आपल्या घरात आपल्यापेक्षा परक्यांची नावं जास्त आहेत.

हे वेड आधीपासून होतं, पण बाळ झाल्यावर वाढलं. खरं सांगू का, दिवसाचे चौदा-चौदा तास तुम्ही त्याच दोन खोल्यांत असता. कामावर जात होते तेव्हा घर म्हणजे झोपायची जागा होती. आता प्रत्येक कोपरा डोळ्यांसमोर. रात्री तीन वाजता लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मी ठरवायचे की हा कोपरा हिरवा करायचा, तिथे काहीतरी पिवळं हवं. शी-शू, वरण-भात आणि कपड्यांच्या घड्या यांच्यामध्ये ‘मी’ म्हणून तेवढंच उरलं होतं. त्यामुळे ती आवड मला फार जपाविशी वाटायची. थोडी जास्तच.

लेक सात महिन्यांची असताना एका रविवारी आम्ही जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पुण्यातल्यांना माहीत असेलच. तिथे मला ते दिसलं. दूधदुभतं ठेवायचं जाळीचं कपाट! फ्रीज यायच्या आधी घरोघरी असायचं ना, तसं. दारांना बारीक जाळी, चार पाय, पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत. रंग हळदीसारखा पिवळा, आणि जागोजागी पोपडे उडून खालचा हिरवा दिसत होता, हिरव्याखाली निळा. तीन-चार पिढ्यांची रंगपंचमीच. घासाघीस करून बावीसशेला घेतलं, टेम्पोचे वेगळे.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी कपाट बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, पैसे देऊन आणलंस? आमच्याकडचं असलं कपाट मी भंगारवाल्याला फुकट दिलं.” मग म्हणाल्या, “निदान घासून नवा रंग तरी मार.” मी म्हटलं, “आई, ते पोपडेच तर छान दिसतात.” आता मागे वळून बघितलं तर आमच्या दोघींचंही चुकत होतं.

लेक नवव्या महिन्यात रांगायला लागली आणि अकराव्यात तिला चार दात होते. दोन वर, दोन खाली. दात येताना हिरड्या शिवशिवतात, मुलं मिळेल ते चावतात. कपाटाच्या खालच्या फळीची कड बरोब्बर तिच्या तोंडाच्या उंचीवर होती. मी स्वयंपाकघरात असायचे आणि बाहेर शांतता पसरायची. लहान मूल असलेल्या घरात शांतता म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. एकदा जाऊन बघितलं तर बाईसाहेब कडेला धरून उभ्या, आणि लाकडावर उंदरानं कुरतडल्यासारखी चार दातांची नक्षी. मी काय केलं? फोटो काढला. गोड दिसत होतं ना.

त्याच सुमारास नवऱ्यानं एका रविवारी आईंचं ऐकून एक दार गॅलरीत नेऊन पॉलिश पेपरनं घासायला घेतलं. अर्ध्या तासात कंटाळला. पिवळी-हिरवी भुकटी गॅलरीभर, थोडी हॉलमध्ये. मी केरसुणीनं झाडून काढली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेराव्या महिन्यात लसीसाठी डॉक्टरांकडे गेलो. लेक किरकिरी झाली होती, पोट साफ होत नव्हतं, जेवणाच्या नावानं बोंब. या वयात हे सगळं असतंच, मी पण तेच म्हणत होते. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, कमी निघालं. मग सहज विचारलं, “माती, चुना, रंग असलं काही खाते का?” मी हसत हसत फोटो दाखवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “रक्तातलं शिसं तपासू या.”

आता इथे थांबून शिशाबद्दल सांगते, कारण मलाही काही माहीत नव्हतं. मला शिसं म्हणजे शिसपेन्सिल आठवली. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच! ते ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बन. आणि शिसवी कपाट म्हणतो त्यातही नसतं, ते शिसवाच्या झाडाचं लाकूड. असतं ते ऑइल पेंटमध्ये, विशेषतः जुन्या. लेड क्रोमेट नावाचं संयुग गडद पिवळं असतं आणि उन्हापावसात टिकतं, म्हणून पिवळ्या आणि नारिंगी रंगात ते सर्रास घालायचे. त्यात निळा मिसळला की हिरवा. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं वापरायचे, त्यामुळे दुसऱ्या रंगांतही ते असू शकतं. म्हणजे माझ्या कपाटाचा पिवळा आणि त्याखालचा हिरवा, जे बघून मी बावीसशे मोजले, तेच दोन सगळ्यात संशयित.

आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर बंधन घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. मर्यादा आहे ९० पीपीएम. म्हणजे दहा लाख भागांत नव्वद. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये हे प्रमाण हजारांत असायचं, गडद पिवळ्यात तर काही वेळा दहा हजारांच्याही वर. दहा हजार पीपीएम म्हणजे एक टक्का. नियम नव्या रंगाला लागू होतो, भिंतीवर आणि कपाटावर आधीच बसलेल्या रंगाला कुठला नियम लागू होणार?

मुलांनाच जास्त त्रास का? एक तर ती सगळं तोंडात घालतात. दुसरं म्हणजे पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. वाढत्या हाडांना कॅल्शियम हवं असतं, लोह कमी असेल तर आतडी अधाशासारखी धातू ओढतात, आणि त्या रांगेत शिसं शिरतं. रक्तातून ते मेंदूपर्यंत जातं आणि हाडांत साठतं. रक्तातलं काही आठवड्यांत कमी होतं, हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. मेंदूवर होणारा परिणाम, म्हणजे लक्ष न लागणं, शिकायला जड जाणं, हा कायमचा असू शकतो. वर शिशाच्या काही संयुगांना गोडसर चव असते. मला ते वाचून रडू आलं होतं. तिला ती कड का आवडत होती, हे मला आपोआप कळलं असं वाटलं.

रिपोर्ट यायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस मी काय केलं हे सांगत नाही, तुम्ही समजून घ्या.

आकडा होता ६.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचे जेमतेम सात भाग. ऐकायला काहीच नाही. पण शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ किंवा जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि ते बंद करा. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ ही रेषा धरतात. औषध देऊन शिसं काढायचा उपाय साधारण ४५ च्या वर विचारात घेतात, कारण त्या औषधांचेही त्रास असतात. म्हणजे आमच्यासाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही. डॉक्टर म्हणाल्या, “घराकडे बघा. घर हेच औषध.” आणि एक सांगायचं राहिलं. तपासणी करायची झाली तर रक्त शिरेतून घेतलेलं बरं. बोटाला टोचून घेतलं तर हातावरची धूळ मिसळून आकडा खोटाच वाढू शकतो.

घरी येऊन सांगितल्यावर पहिला स्फोट आईंचा. “काहीतरीच! आम्ही नाही का वाढवली पोरं? ह्याच रंगाच्या पाळण्यात वाढवली.” मी पण चिडले. दोन दिवस आमचं बोलणं फक्त मीठ-मसाल्यापुरतं. मग रात्री त्यांना शांतपणे सांगितलं की तेव्हा कुणी मोजतच नव्हतं. पेट्रोलमध्येसुद्धा शिसं असायचं, ते आपल्या देशात २००० साली बंद झालं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा २०२० चा अहवाल आहे, त्यात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात पाचच्या वर शिसं असल्याचा अंदाज दिलाय. बहुतेकांना काहीच लक्षण दिसत नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या पोरांनाही झालं असेल, कळलं नसेल.” नवरा समोरच बसला होता. म्हणाला, “म्हणून माझं गणित कच्चं.” तेव्हा कुठे घरात पहिल्यांदा हसू आलं.

आता काय केलं ते सांगते, आणि काय चुकलं होतं तेही.

सगळ्यात मोठी चूक ते घासणं. पोपडे चावण्यापेक्षाही घासलेली भुकटी वाईट, कारण ती बारीक असते, घरभर पसरते, फरशीवर बसते, हातावरून तोंडात जाते. श्वासातून मोठ्यांच्याही पोटाफुप्फुसांत जाते. आणि कोरडी केरसुणी मारली की ती परत हवेत. त्यामुळे जुन्या ऑइल पेंटला कोरडा पॉलिश पेपर लावायचा नाही. ब्लो-लँपनं रंग जाळून काढायचा तर अजिबात नाही, त्याचा धूर विषारी. केर काढायच्या आधी ओलं फडकं. साबणाच्या पाण्यानं पुसायचं, फडकं वेगळं ठेवायचं, मग स्वच्छ पाण्यानं परत पुसायचं. आमच्या मोझॅकचा इथे फायदा झाला. सांधे कमी, पृष्ठभाग गुळगुळीत, भुकटी लपायला जागा नाही. त्यात आहे तरी काय? सिमेंट आणि संगमरवर. माझी चिवडा फरशी बिचारी निर्दोष सुटली.

रंग तपासायला ऑनलाइन एक किट मागवलं. काडी घासली की शिसं असेल तर लाल होते. पिवळ्यावर झाली. पण ऐका, काडी लाल झाली तर धोका समजा, नाही झाली तर निर्धास्त होऊ नका. किटवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. पक्कं कळायला प्रयोगशाळेत खपली द्यावी लागते किंवा एक्सआरएफ नावाचं यंत्र लागतं.

मग मी घरभर हिंडले. जुन्या वस्तू म्हणजे सगळ्याच वाईट, असं नाही हे मला कळून घ्यायचं होतं, नाहीतर मला सगळंच फेकावं लागलं असतं. गोधडी, आईंच्या जुन्या लुगड्यांची, तिला रंगाचा प्रश्नच नाही. धुवायची आणि वापरायची. सूप, रोवळी, स्टीलचे डबे ठीक. पितळेच्या पातेल्याचं मात्र जरा वेगळं. काही पितळेत थोडं शिसं असतं, म्हणून आतून कलई चांगली हवी. कलई म्हणजे कथील. स्वस्तातल्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे कलईवाला ओळखीचा हवा. कलई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं हे आईंना माहीतच होतं, त्यामुळे आंबट काही त्यात ठेवायचं नाही हे त्यांनीच मला सांगितलं. सध्या ते पातेलं कुंडी झालंय.

सावंतवाडीची लाकडी फळं होती, चितारआळीतून कुणीतरी आणलेली, बरीच जुनी. ती वर ठेवली, दिसतात छान, पण तिच्या हातात नाहीत. नवीन खेळणी घेताना आयएसआय मार्क बघते. जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे तिथे रंग कुठला हे विचारायचं. कारागीर सांगतात, लाजू नका.

आणि एक जागा जी मला स्वप्नातही सुचली नसती, ती म्हणजे देवघर. शेंदूर! पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो. आमचा मारुती खालच्या फळीवर होता आणि लेक रोज त्याला हात लावून नमस्कार करायची, मग तो हात तोंडात. आईंनी काही न बोलता मारुती वरच्या फळीवर नेला. सुरम्यातही शिसं असू शकतं. आईंचं घरचं काजळ मात्र तुपाच्या दिव्याची काजळी, त्यात शिसं नाही. तरी डॉक्टर म्हणतात डोळ्यांत घालू नका, म्हणून आता फक्त गालावर तीट. त्यावर आमचा तह झालाय.

म्हणजे बघा, हे कपाटामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. थोडं कपाट, थोडी भुकटी, थोडा शेंदूर असेल. आम्ही सगळंच एकदम बंद केलं, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते कळायला मार्ग नाही.

खाण्याचं आईंनी हातात घेतलं. लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं, एवढं मी सांगितलं, पुढचं त्यांचं. नाचणीचं सत्त्व, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. अळिवाची खीर, पालेभाजीवर लिंबू, कारण क जीवनसत्त्वानं लोह नीट अंगी लागतं. डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध वेगळं. ते मनानं सुरू करू नका हं, जास्त झालं तर तेही बाधतं. आणि जेवणाआधी हात धुणं, म्हणजे खरंच धुणं, ओल्या रुमालानं पुसणं नाही.

तीन महिन्यांनी परत रक्त दिलं. ४.१. लगेच शून्य होत नाही, पण खाली आलं. पुढची तपासणी अजून व्हायची आहे.

कपाटाचं काय झालं? हा खरा पेच होता. ऑनलाइन टाकलं असतं तर दुपारपर्यंत विकलं गेलं असतं, अशा कपाटांना भाव आहे. पण विकत घेणारी कोण असणार? माझ्यासारखीच कुणीतरी. भंगारात दिलं तर कुणी तरी ते चुलीत घालणार. नवरा म्हणाला, झाकून टाकू, नवा रंग जाड मारू. मोठ्यांच्या खोलीत, हात न लागणाऱ्या जागी तो उपाय चालतो, पण जिथे दात लागतात, दार घासतं, तिथे वरचा थर टिकत नाही. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून माळ्यावर टाकलं. वर मार्करनं लिहिलंय, “शिसं. घासू नये.” घरमालक काकांनी वाचलं आणि विचारलं, “हे कुणाचं नाव?”

तुमच्याकडे असं काही असेल तर माझ्यासारखा फोटो काढून हसत बसू नका. पोपडे उडत असतील, मूल रांगतं असेल आणि घर किंवा वस्तू २०१७ च्या आधी रंगवलेली असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. एवढंच. घरमालकाला रंगकाम करायचं असेल तर मुलाला घेऊन तेवढे दिवस माहेरी जा, आणि परत यायच्या आधी दोनदा ओलं पुसून घ्या. गरोदर असाल तरीही हेच, कारण शिसं आईकडून बाळाकडे जातं.

पिवळ्याची जागा रिकामी झाली होती. रात्री तीनच्या फेऱ्या अजून आहेत, त्यामुळे तो कोपरा डोळ्यांत खुपायचा. मग आईंनी ट्रंकेतून त्यांची एक जुनी हळदी रंगाची इरकल काढली. मी ती बांबूच्या काठीवर पडद्यासारखी लावली, मागे साधी लोखंडी मांडणी, भिंतीला स्क्रूनं पक्की केलेली, कारण लेक आता चढायला शिकली आहे. मांडणीत परक्यांच्या नावाचे डबे.

काल बघितलं तर इरकलीचा काठ ओला होता. चघळलाय. मी धुवायला टाकलाय, आणि आता तिची वाटी कॉटखाली गेली आहे, तर मला जायला हवं. भेटू पुढच्या गुरुवारी.